पोट बघून

घीसालालनं दोन्ही नावा विटांवर चढवून ठेवल्या होत्या,
यशवंत सागरच्या काठाला, हातोदच्या बाजूला.
दोन्ही निळ्या. दोन्ही चौदा फुटी.
वल्ह्यांच्या कड्यासुद्धा एकाच दुकानातल्या.
"कोई भी ले लो भिया," तो म्हणाला, "भाव एक."
आणि कागदातल्या पोह्यांवर जिरावण टाकत
आमच्याकडे पाठ करून बसला.

मी काठावरून हात फिरवला,
टिचकी मारून आवाज ऐकला,
मग घर बघायला आलेल्या माणसासारखा
उगाच चार पावलं मागं जाऊन उभा राहिलो.

सगुणा मात्र पदर खोचून
थेट चिखलात गुडघ्यांवर बसली,
मान वाकडी करून खाली बघत म्हणाली,
अहो, वरून काय बघताय?
नाव पोट बघून घ्यायची.

एकीचं पोट पाटासारखं सपाट.
दुसरीला मधोमध कणा,
विळीच्या पात्यासारखा खाली उतरलेला.

मला कण्याचीच हवी होती.
बापाची होती तशी, भुसावळकडची, तापीतली.
पुराच्या पाण्यात नाक वर करून जायची,
आणि बाप मागं बसून
विडी विझू न देता वल्हवायचा.
हे मी सगुणाला सांगितलं नाही.
मी म्हणालो, वारं कापते ही.

कापलंच तिनं.
पाणी दोन्हीकडं आज्ञेत सरकत गेलं,
डोक्यावरून विमान उतरत होतं, चाकं बाहेर काढून,
आणि मला वाटलं, आपणही.
मग सगुणा जाळं घेऊन उभी राहिली,
तशी नावेनं झोपेत कूस बदलावी तशी कूस बदलली.
जाळं उमललंच नाही.
ओल्या धुण्यासारखं एका जागी पडलं.

दुसरी वाऱ्यात नुसती आदळायची,
भाकरी थापल्यासारखी, थाप थाप थाप,
माझी कवळी खुळखुळली.
पण सगुणा उभी राहिली,
आणि ओट्याशी उभी असल्यासारखीच राहिली.
जाळं असं गोल पडलं
की घीसालालनं पोहे खाता खाता वळून बघितलं.

काठावर आल्यावर तिनं बोटांची पेरं मोजली.
आषाढ, श्रावण, भादवा, अश्विन, कार्तिक,
पाच महिने पाणी.
बाकीचे सात गुडघाभर गाळ नि वेली.
मे महिन्यात तर आपण वल्हवतो तिथून
सारसाची जोडी चालत जाते.
कणा कुठं ठेवाल?

मी भादव्यातल्या वाऱ्याचं बोललो.
ठेकेदाराच्या माणसांचं बोललो, जे आधी पोचतात.
ती ऐकत राहिली,
पायाचा चिखल काडीनं काढत.
आणि बोलता बोलता मला समजलं,
मी निवडत होतो ती बसणाऱ्याची नाव.
माझा गुडघा गेला त्याला चार वर्षं झाली.
तेव्हापासून उभी तीच राहते.

अठ्ठावीस हजार, तीन हप्त्यांत. सपाट.

कण्याची पुढच्या आठवड्यात भगवान केवटनं नेली.
भादव्यात तो आमच्या शेजारून जायचा
तो नाक वर करूनच,
त्याच्या लाटेनं आमची थाप थाप आणखी वाढायची.
मी बघायचो.
मी बघतोय हे सगुणा बघायची,
आणि कटल्याचं तोंड दाबून गळ काढायची.

आता मे.
तलाव आक्रसून पार मधे गेलाय.
आम्ही रोज जातो, वेलींवरून घसरत,
चार रोहू, कधी सहा, कधी नुसतं शेवाळ.
भगवानची नाव भेगाळल्या गाळात
एका कुशीवर पडलीय,
पोरं तिच्या सावलीत मीठ लावून कैऱ्या खातात.

मला बरं वाटायला हवं होतं.

काल संध्याकाळी चार विटा नेल्या,
पोरांना म्हटलं, लावा रे जरा हात,
आणि दोन इकडून, दोन तिकडून सारून
तिला सरळ उभी केली.
कण्याखाली बोट फिरवलं.
गाळ सुकून चिकटला होता, तो नखानं काढला.

घरी सगुणा म्हणाली, उशीर केलात.
म्हटलं, इथंच होतो.